पोळ्याच्या तोंडावर पाच दिवस खुर्चीत



सात दिवस पेजवर नोंद नव्हती. दोघातिघांनी इनबॉक्समध्ये विचारलं, भाऊ बरा हायेस ना? बरा आहे. प्रशिक्षणाला गेलो होतो. पाच दिवसांचं निवासी प्रशिक्षण, आणि जाण्यायेण्याच्या दोन रात्री ट्रॅव्हल्समध्ये पाय आखडून. संस्थेचं नाव लिहीत नाही. नाव बदललं तरी मजकूर हाच राहील, आणि हे वाचणारे निम्मे लोक अशा कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये बसून आलेले आहेत.

आजची नोंद लांब आहे, थोडी कडू आहे. कृषी खात्यातले, विद्यापीठातले, केव्हीकेतले बरेच मित्र हे पेज वाचतात. त्यांनी मधूनच सोडू नये एवढीच विनंती.

आधी तारीख बघा. पोळ्याच्या आधीचा आठवडा. मृगात लावलेली पऱ्हाटी यावेळी सत्तर-पंच्याहत्तर दिवसांची असते. पात्या-फुलं भरात, खालची बोंडं धरायला लागलेली. पोळ्याच्या अमावस्येच्या आगेमागे पऱ्हाटीवर अंडी पडतात, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही सांगावं लागत नाही. गुलाबी बोंडअळीचं गणित तर सगळं या दिवसांचंच. अंड्यातून अळी निघाली की ती थोड्याच वेळात फुलात नाहीतर बोंडात शिरते, आणि एकदा आत शिरली की तुमचा फवारा बोंडाच्या वरून वाहून जातो. म्हणजे पाहायचं ते आत्ता, वेचायचं ते आत्ता. डोमकळ्या तोडायच्या त्या याच आठवड्यात. नेमक्या याच आठवड्यात बोंडअळीच्या पट्ट्यातल्या आम्हा अकरा जणांना सहाशे किलोमीटरवर नेऊन "कापसातील एकात्मिक कीड व्यवस्थापन" ऐकवलं. कोणी ठरवली ही तारीख? विचारलं तर उत्तर मिळालं, निधी आत्ता आला आहे, सप्टेंबरच्या आत खर्ची पडला पाहिजे. अळीचं वेळापत्रक कोणी विचारात घेतलं नव्हतं.

पहिला दिवस सांगतो. नऊला नोंदणी, दहाला उद्घाटन असं छापलेलं. पाहुणे आले पावणेबाराला. दिवा लावायचा तर वात भिजेना, मग मेणबत्ती, मग काडेपेटी. पुष्पगुच्छ, शाल, पुन्हा पुष्पगुच्छ. मग सगळ्यांनी आपापली ओळख करून द्यायची. चाळीस माणसं, नाव-गाव-पीक-एकर. दुपारी एकला माझ्या लक्षात आलं की अजून शेतीचा एक शब्द निघाला नाही. जेवण मात्र चांगलं होतं, खोटं बोलणार नाही. जेवून एसीच्या हॉलमध्ये बसवलं. पाचला उठून बैल सोडणारा माणूस दुपारी अडीचला गार हवेत गादीच्या खुर्चीत बसला की त्याचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या शेजारचा कोकणातला भातवाला घोरायला लागला, तेव्हा समोर हवामान बदलाचा आलेख होता.

आणि ती चाळीस माणसं! कोकणातला भात, कोल्हापूरकडचा ऊस, वरूडकडची संत्रा, आमची कोरडवाहू पऱ्हाटी, दोन डाळिंबवाले, एक फुलशेतीवाला. सगळ्यांना एकच पुडकं. अशा मेळ्यात साहेबांनी तरी काय बोलायचं? मग उरतात त्या सगळ्यांना लागू पडणाऱ्या गोष्टी. सेंद्रिय कर्ब महत्त्वाचा आहे. माती परीक्षण करावं. बाजाराचा अभ्यास करावा. तिसऱ्या वक्त्यानं पुन्हा सेंद्रिय कर्ब महत्त्वाचा आहे म्हटल्यावर मागच्या रांगेतून कोणीतरी "हाओ साहेब, हायेच" म्हणालं. साहेबांना वाटलं प्रतिसाद मिळतोय.

पडद्यावरची अक्षरं इंग्रजी. साहेब ती वाचून दाखवायचे, मग मराठीत सांगायचे, मग पुढची पाटी. दिवसातून चार वेळा सह्या. हजेरीचा कागद फिरताना मात्र सगळे जागे. पहिल्या दिवशी एक चाचणी, शेवटच्या दिवशी तीच चाचणी. दुसऱ्या वेळी उत्तरं साहेबांनीच हळूच सांगितली, कारण "ज्ञानात वाढ" दाखवायची असते. शेवटी अभिप्रायाचा फॉर्म. उत्कृष्ट, उत्तम, समाधानकारक. चौथा रकाना नव्हता. मी उत्तमवर खूण केली. का केली? प्रवासभाड्याचा कागद त्याच टेबलावर होता म्हणून. तेव्हा या लबाडीत माझीही एक खूण आहे.

आता मूळ गोष्टीवर येतो. वरचं सगळं हसून सोडता आलं असतं.

घरी वावरात कामगंध सापळे लावलेले आहेत, एकरी दोन. सापळे मी आणले, पण रोज सकाळी पाखरं मोजते ती बायको. वहीत लिहूनही ठेवते. दुसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन आला. "काल नऊ होते, आज अकरा." तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या सुट्टीत पुन्हा. "आजपण दहा. तीन रात्री झाल्या ना, आठच्या वर. आता काय करू सांगा." शिफारस आहे ती हीच, सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पाखरं आली की कामाला लागायचं. तिनं बरोबर मोजलं होतं, बरोबर दिवशी विचारलं होतं. चूक माझी झाली.

मी म्हणालो, फुलं बघत बसू नको, पाऊस येईल. कोठीत त्या दोन बाटल्या आहेत, दोन्ही मिसळून मारायला सांग.

खरं म्हणजे आधी फुलं पाहायची. वीस हिरवी बोंडं फोडायची, दोनात अळी किंवा आतून इजा दिसली तर पुढचं पाऊल. डोमकळ्या वेचून नष्ट करायच्या. निंबोळी अर्काची वेळ आहे का ते बघायचं. आणि दोन औषधं अशी अंदाजानं मिसळायची नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी घरी असतो तर असं केलं नसतं. सहाशे किलोमीटरवर, हातात पेपरकप, आतून कोणीतरी "चला, सेशन सुरू झालं" म्हणून ओरडतंय, आणि डोळ्यापुढं २०१७ ची ती किडलेली बोंडं. माणूस घाबरला की बाटलीकडे जातो.

आमच्याकडे रोजीनं फवारा मारणारा दादा वर्षानुवर्षं येतो. स्वतःचं वावर नाही. त्यानं अंगात नेहमीचा सदरा, तोंडाला रुमाल, पाठीवर पंप असं अकरा वाजता सुरू केलं. उकाडा, कुंद हवा, पऱ्हाटी छातीला लागलेली. दुपारी दोनच्या सुमारास त्याला गरगरलं, उलटी झाली, धुऱ्यावर बसला तो उठेचना.

त्या वेळी मी काय करत होतो सांगू? "कीटकनाशकांची सुरक्षित हाताळणी" ऐकत होतो. पडद्यावर पांढरा पोशाख, चष्मा, हातमोजे, बूट घातलेल्या माणसाचं चित्र. साहेब लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण समजावून सांगत होते. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. खिशात फोन थरथरत होता. तो सायलेंटवर ठेवायची सूचना होती, आणि मी ती पाळली होती. चार मिस कॉल झाल्यावर बाहेर गेलो.

बायकोनं तोवर सगळं केलं होतं. त्याला सावलीत आणलं, औषधानं भिजलेला सदरा काढला, साबणानं अंग धुतलं, शेजारच्या पोराच्या गाडीवर मधे बसवून ग्रामीण रुग्णालयात नेलं, आणि दोन्ही बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरला दाखवल्या. हे तिला कुठल्या हॉलमध्ये कोणी शिकवलं नव्हतं. गावातल्या आशाताईनं एका बैठकीत सांगितलं होतं, ते तिच्या ध्यानात राहिलं. दादाला रात्रभर सलाईनवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी घरी आला. आता बरा आहे.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळे जाणतो. त्यानंतर सुरक्षित फवारणी हा विषय प्रत्येक प्रशिक्षणात घातला गेला. चांगलं झालं. पण त्या हॉलमध्ये मी मोजलं. चाळीस माणसांपैकी स्वतः पाठीवर पंप घेऊन फवारणारे सहा. बाकीचे माझ्यासारखे, सांगून करवून घेणारे. यादीत नाव यायला सातबारा लागतो, आधार लागतो, बँक पासबुक लागतं. दादाकडे सातबारा नाही. म्हणून त्याला त्रिकोणाचा रंग आजवर कोणी दाखवला नाही. त्याला अक्षरं येत नाहीत, रंग येतात! लाल बघितलं की थांब, एवढं त्याच्या हातात बाटली देऊन सांगायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं. ती पाच मिनिटं राज्यभर कागदोपत्री रोज कुठे ना कुठे खर्च होतात, फक्त चुकीच्या माणसापुढे.

तीच गोष्ट बायकांची. निंदण त्यांचं, डोमकळी तोडणं त्यांचं, वेचणी त्यांची, आमच्या घरी तर सापळ्याची वहीसुद्धा तिची. निवासी प्रशिक्षणाला बाई येणार कशी? ढोरं कोण बांधेल, पोरांचं कोण बघेल, सासू एकटी. आमच्या चाळीसात बाया होत्या तीन, त्यातल्या दोघी बचत गटाच्या अध्यक्ष म्हणून. तिसरी दुसऱ्याच दिवशी घरून फोन आला म्हणून परत गेली. तिच्या सह्या मात्र पाचही दिवस झाल्या, कशा ते विचारू नका.

आता म्हणाल, भाऊ, सगळंच वाईट होतं का? नाही. चौथ्या दिवशी चाळीस मिनिटं सोन्याची होती.

झालं असं, साडेअकराला लाइट गेली. जनरेटर सुरू होईना. प्रोजेक्टर बंद म्हणजे साहेब बंद. ते बिचारे बाहेर जाऊन फोन लावत बसले. तिथल्या अवजारांच्या शेडमध्ये काम करणारे एक काका होते, निवृत्तीला आलेले. ते म्हणाले, बसून काय करता, या इकडे. त्यांनी दोन पाठीवरचे पंप काढले, साधं पाणी भरलं. एकाला नवी नोझल, एकाला दोन-तीन हंगाम वापरलेली. नोझलखाली प्लास्टिकचा मोजपेला धरला, घड्याळ लावून बरोबर एक मिनिट मारलं. नवीतून निघालं अर्धा लिटर. जुनीतून पाऊण लिटरच्या वर. काका म्हणाले, आता सांगा, बाटलीवरचं माप कोणत्या नोझलसाठी धरता?

सगळे गप्प. माझ्या पंपाची नोझल किती जुनी आहे ते मला आठवेना.

मग त्यांनी पोकळ शंकूची आणि सपाट पंख्याची नोझल लावून फरशीवर फवारा मारून दाखवला. पहिल्याचा ओला गोल उठला, मधे कोरडा. दुसऱ्याचा सरळ पट्टा. कीटकनाशकाला पहिली, तणनाशकाला दुसरी. फरशीवरची ती ओल मी विसरणार नाही. वाऱ्याला तोंड करून चालू नका म्हणाले, आणि पंप पाठीवर घेऊन स्वतः चालून दाखवलं. भातवाला, ऊसवाला, पऱ्हाटीवाला, सगळे रांगेत लागले, प्रत्येकानं नोझल हातात घेऊन बघितली. प्रश्न थांबेनात. कोणी फोटो काढला नाही, म्हणून हे सत्र अहवालात नसणार. सव्वाबाराला लाइट आली आणि आम्हाला परत आत बोलावलं. ते काका पाचही दिवस तिथंच होते, वेळापत्रकात त्यांचं नाव नव्हतं.

मी काही नवीन शोध लावत नाही. हे सगळं आधी करून झालेलं आहे. १९८६ साली इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यानं हैराण होऊन सरकारनं भातावरची ५७ कीटकनाशकं एकदम बंद केली. मग तिथल्या लाखो शेतकऱ्यांना शिकवायचं कसं हा प्रश्न आला, आणि १९८९ मध्ये एफएओच्या मदतीनं शेतीशाळा सुरू झाल्या. पद्धत साधी. पूर्ण हंगाम, आठवड्यातून एकदा सकाळी, वावरातच. पंचवीस-एक माणसं गट करून पिकात उतरतात, झाडं मोजतात, किडी आणि मित्रकिडी मोजतात, बांधावर बसून कागदावर चित्र काढतात, भांडतात, आणि फवारायचं की नाही ते स्वतः ठरवतात. सांगणारा फक्त प्रश्न विचारतो. आपल्याकडेही शेतीशाळा आली, कृषी खात्यानं गावोगावी घेतल्या. जिथं खरी भरली तिथली माणसं आजही बोंड फोडल्याशिवाय दुकानात जात नाहीत. जिथं फलकाजवळचा फोटो काढून संपली, तिथलं काय बोलणार. आपलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीला निघालं, तेही "करून शिका" याच विचारावर. मग करून शिकायचं सोडून बसून ऐकायला आपण केव्हा लागलो?

मला वाटतं, मोजायला सोपं पडतं म्हणून. हॉलमध्ये चाळीस माणसं पाच दिवस म्हणजे दोनशे प्रशिक्षण-दिवस. झाला आकडा, झाला खर्च, झालं उद्दिष्ट. धुऱ्यावर बारा आठवडे शाळा घ्यायची तर पाऊस येतो, माणसं कमी-जास्त होतात, साहेबाला चिखलात यावं लागतं, गाडीचं पेट्रोल मंजूर होत नाही. आणि शेवटी विचारावं लागतं की या गावात यंदा फवारे किती कमी झाले, किती जणांनी डोमकळ्या तोडल्या. हा आकडा सह्यांच्या कागदातून निघत नाही.

खात्यातल्या मित्रांनो, राग मानू नका. तुम्हालाही हे पटत नाही हे मला माहीत आहे. शेवटच्या रात्री टपरीवर चहा पिताना तिथलाच एक तरुण प्रशिक्षक माझ्याजवळ बोलला, की त्याचं शिक्षण कीटकशास्त्रातलं, आणि दोन वर्षांत तो एकदाही पऱ्हाटीत उतरला नाही. सकाळी नऊ ते सहा हॉल, नंतर अहवाल. त्याचे डोळे बघून माझा राग निम्मा उतरला. तोही त्या खुर्चीत अडकलेलाच आहे, फक्त त्याचं तोंड आमच्याकडे आहे.

आमच्यातल्यांनाही एक सांगतो. फिरायला मिळतं, दोन दिवस बायको-पोरांच्या कटकटीतून सुटका, बॅग मिळते, म्हणून नाव देणारे आहेत. मीही एकदा दिलं आहे. त्या बॅगेत आता बैलाची पेंड ठेवतो. आपण असं नाव देतो तोवर तिकडून पुडकं बदलणार नाही.

मला विचाराल तर हंगामात निवासी काहीच नको. बाहेरगावी न्यायचंच असेल तर एप्रिल-मे मध्ये न्या, वखरणी आटोपल्यावर, आणि एका खोलीत एकाच पिकाची माणसं ठेवा. दिव्याच्या जागी पंप ठेवा. हंगामात तुम्ही आमच्याकडे या. एका गावात दर आठवड्याला दोन तास, सकाळी सातला. यादी करताना सातबारा मागू नका, विचारा, या गावात फवारा कोण मारतो, डोमकळी कोण तोडतं. ती माणसं बोलवा, आणि त्यांच्या दोन तासांची रोजी द्या, कारण आम्हाला ट्रॅव्हल्सचं भाडं आणि थाळी मिळते, मग त्यांनी फुकट काहून यायचं? माझ्या एकट्याच्या पाच दिवसांवर जेवढं खर्च झालं, त्यात आमच्या गावातल्या सगळ्या फवारा मारणाऱ्यांचे दोन तास सहज निघाले असते.

बैलांचे खांदे शेकायच्या दिवशी संध्याकाळी घरी पोचलो. आधी दादाकडे गेलो. काही बोललो नाही, तोही नाही. दवाखान्याचा खर्च आणि बुडलेली रोजी दिली, ती द्यायलाच हवी होती. पोळा झाल्यावर त्याला वावरात बोलावलं, पंपात साधं पाणी भरलं आणि मोजपेला धरला. आमच्या नोझलमधून मिनिटाला आठशे मिली निघालं. म्हणजे एवढी वर्षं आम्ही कोणत्या मापानं मारत होतो देव जाणे. ती नोझल फेकली, नवीन दोन आणल्या. कोठीतल्या सगळ्या बाटल्या बाहेर काढून त्रिकोण बघितले. दादानं लाल-पिवळ्या वेगळ्या काढून वरच्या फळीवर ठेवल्या आणि म्हणाला, "हे मले आधी काहून नाही सांगितलं?"

वीस बोंडं फोडली, एकात अळी. डोमकळ्या बायकोनं आणि दोन बायांनी दोन दिवसांत तोडल्या, पोतंभर नाही निघाल्या, पण घमेलंभर निघाल्या. सापळ्यात काल सहा पाखरं.

परवा पुन्हा फोन आला. पुढचं प्रशिक्षण नोव्हेंबरात, ऐन वेचणीत. विषय, कापसाची स्वच्छ वेचणी. मी बायकोचं नाव सांगितलं आणि म्हटलं, गावात घ्या, पंधरा बाया देतो. तिकडची ताई चांगली होती, लिहून घेतलं म्हणाली. मग विचारलं, "त्यांच्या नावावर सातबारा आहे का?"

तुमच्या पंपाची नोझल एक मिनिट मोजा आणि आकडा खाली टाका. कोणत्या गावात खरी शेतीशाळा भरते आहे तेही लिहा, बघायला येतो.